मोती तलावाच्या काठी कायमचे राहायला जावे का? (सावंतवाडी)

पाऊलवाट

नमस्कार मंडळी.

पुण्याबाहेर एखाद्या लहान गावात स्थायिक व्हावे, असा विचार आम्ही पती-पत्नी बरेच दिवस करीत आहोत. मी पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठे करतो. इंटरनेटची जोडणी बरी असेल, तर हे काम कोठूनही होते. पत्नी शाळेत चित्रकला शिकवीत असे. तिने आता नोकरी सोडली आहे. गावांची यादी करता करता आमचे बोट पुन्हा पुन्हा सावंतवाडीवर येऊन थांबते. गावाच्या मध्यभागी तळे, तळ्यासमोर राजवाडा, चालत जाता येईल इतक्या अंतरावर लाकडी खेळण्यांची चितारआळी, दीडशे वर्षांहून जुने श्रीराम वाचन मंदिर, आणि हे सगळे 2011च्या जनगणनेनुसार जेमतेम 24 हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या गावात.

आम्ही तेथे राहून आलो आहोत, परंतु तो दिवाळीनंतरचा काळ होता आणि त्या दिवसांत कोकणातले कोणतेही गाव देखणेच दिसते. म्हणून तेथे राहणाऱ्या आणि राहून आलेल्या सभासदांना विचारतो की, बाहेरून आलेल्या माणसाला हे गाव बाराही महिने कसे वाटते? घर भाड्याने घ्यावे की विकत? दवाखान्याची सोय कशी आहे? आणि मुख्य म्हणजे, ‘कलावंतांचे गाव’ ही ख्याती आज कितपत खरी आहे?

सालईवाडा

पाऊलवाट, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तळ्यापासूनच सुरू करतो, कारण पाहुण्याला तळे दिसते तसे ते रहिवाशाला दिसत नाही.

मोती तलाव निसर्गाने दिलेला नाही. तो 1874 साली संस्थानाच्या काळात बांधून काढलेला आहे. राजवाडा त्याहून जुना, तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला (1755–1803), जांभ्या दगडाचा. म्हणजे जे दृश्य पाहून माणसे ‘किती नैसर्गिक’ म्हणतात, ते एका संस्थानिकाच्या घरापुढे नीट आखून उभे केलेले आहे, आणि बांधलेली वस्तू म्हटली की तिची डागडुजी आलीच. पावसाळ्यात आजूबाजूच्या चढांवरून येणारे पाणी आपल्याबरोबर माती घेऊन येते, गाळ साचतो, मग अधूनमधून उन्हाळ्यात पाणी सोडून गाळ उपसावा लागतो. ते काम चालू असताना तुम्ही आलात, तर छायाचित्रातले तळे तुम्हाला ओळखू येणार नाही: मधोमध चिखलाचा पट्टा, कडेला डंपर, आणि काठावर उभे राहून काम बरोबर चालले आहे की नाही यावर मत देणारे निम्मे गाव. गाळ किती काढायचा, पाणी केव्हा सोडायचे, कठडा कोठे खचला, यावर येथे जितक्या तळमळीने चर्चा होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल. मध्यंतरी तळ्यात मगर दिसली, तेव्हा काही दिवस तोही विषय पुरला.

संध्याकाळी मात्र गाव खरोखरच तळ्याभोवती जमते. केशवसुत कट्ट्यावर निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसे आणि कविता करणारी मंडळी बसलेली असतात. गणपतीचे विसर्जनही याच तळ्यात होते. महामार्गाचे चौपदरीकरण झाल्यावर झाराप–पत्रादेवी रस्त्याने गोव्याची जड वाहतूक गावाबाहेरून जाऊ लागली. व्यापाऱ्यांना त्याचा फटका बसला असे ते सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण रस्ता ओलांडताना आता छातीत धडधडत नाही, हेही खरे.

तुम्हाला पहिला प्रश्न विचारला जाईल तो ‘खंयचे तुमी?’ (कुठले तुम्ही?) हा. यात भोचकपणा नसतो. तुम्हाला कोणत्या खणात ठेवायचे ते गावाला ठरवायचे असते. उत्तर थोडक्यात आणि खरे द्यावे. ‘शांततेच्या शोधात आलो’ असे सांगितले, तर तुमच्या पाठीमागे हसतील.

लाखेची कांडी

माझे आजोळ चितारआळीतले. मी स्वतः हे काम करीत नाही, नोकरी करतो, परंतु लहानपणी हे काम जवळून पाहिले आहे. म्हणून ‘कलावंतांचे गाव’ या शब्दप्रयोगाविषयी दोन गोष्टी लिहितो.

चितारआळीत तुम्हाला जे दिसते तो धंदा आहे. कला त्याच्या पोटात आहे. पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे, भातुकलीची बोळकी, भोवरे, आणि सावंतवाडीची खासियत असलेली लाकडी फळे व भाज्या. हुबेहूब रंगवलेले लाकडी केळे किंवा सीताफळ पाहुण्यांच्या टोपलीत ठेवून फजिती करण्याचा खेळ महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत झाला असेल. फळांसाठी पूर्वी पांगाऱ्याचे लाकूड वापरीत. पांगारा वजनाला हलका, कोरायला मऊ; हातात घेतले की फळ लाकडाचे आहे हे वजनावरून कळते, डोळ्यांना मात्र पटत नाही. आता पांगारा पूर्वीसारखा मिळत नाही, त्यामुळे आंब्यासारख्या इतर लाकडांवर भागवावे लागते आणि वस्तू जड होते.

लाखकामाची गंमत वेगळी. लेथवर लाकडाचा तुकडा फिरत असतो आणि कारागीर रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. तेथे ब्रश लागत नाही, वाळवायला वेळ लागत नाही. दाब थोडा कमी झाला तर रंग तुटक बसतो, जास्त झाला तर लाख जळून काळपटते. एकाच डबीवर पिवळा, लाल आणि हिरवा पट्टा एकमेकांत न मिसळता बसवणारा हात तयार व्हायला वर्षे जातात आणि त्या डबीची किंमत गिऱ्हाईक प्लास्टिकच्या डबीशी ताडून पाहते. येथे खरे दुखणे आहे. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी लेथ सोडला, तो कलेचा कंटाळा आला म्हणून नव्हे. लग्न ठरताना मुलीकडचे ‘महिन्याला किती पडतात?’ हा प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर देता येईना म्हणून.

तेव्हा तुम्ही येथे येऊन कलावंतांत मिसळण्याची अपेक्षा ठेवणार असाल, तर दुकानात शिरून वस्तू न घेता तासभर छायाचित्रे काढणाऱ्यांत तुमची गणना होऊ देऊ नका. ही तक्रार मी प्रत्येक दुकानात ऐकली आहे.

गोमंतकी

दवाखान्याचे मी सांगते. मी म्हापशाला राहते आणि माझे सासर सावंतवाडी तालुक्यात आहे. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी डॉक्टरही बरे आहेत, त्यामुळे ताप, अस्थिभंग, बाळंतपण यांची काळजी नको. परंतु हृदयविकार, मेंदूतला रक्तस्राव, मोठा अपघात असे काही झाले की रुग्णवाहिका बांबोळीची वाट धरते, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची. पन्नासेक किलोमीटरहून अधिक अंतर आणि मध्ये राज्याची सीमा. सिंधुदुर्गातल्या माणसाला यात काही वेगळे वाटत नाही, कारण हे वर्षानुवर्षे असेच चालत आले आहे. सुसज्ज मोठे रुग्णालय जिल्ह्यातच हवे, ही मागणीही तितकीच जुनी आहे. तुमच्यापैकी कोणाला नियमित तपासण्या लागणारा आजार असेल, तर तळ्याआधी हा विचार करा.

प्रवासाचे म्हणाल तर परिस्थिती सुधारली आहे. मोपा येथील विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला आणि तो सावंतवाडीकरांना पणजीहूनही जवळ पडतो. रेल्वे स्थानक ‘सावंतवाडी रोड’ या नावाने आहे, परंतु ते गावात नसून मळगावला आहे, सात-आठ किलोमीटरवर. रात्री उशिराच्या गाडीने उतरलात आणि रिक्षा आधी सांगून ठेवली नसेल, तर त्या ‘रोड’ शब्दाचा अर्थ नीट कळतो.

घाटावरचा

सर्वांचे प्रतिसाद वाचून गाव फारच काव्यमय वाटू लागले आहे, म्हणून थोडे पाणी ओततो. तेथे पाण्याला तोटा नाहीच.

नोकरीनिमित्त मी कुटुंबासह सावंतवाडीत राहिलो आहे, माठेवाड्यात, भाड्याच्या कौलारू घरात. जून ते सप्टेंबर तेथे साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वर तीस किलोमीटरवर असलेल्या आंबोलीत त्याच्या जवळजवळ दुप्पट. पुण्यात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडला की आपण पाऊस चांगला झाला म्हणतो. आकडा वाचून काही कळत नाही. कळते ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा कपाटातली चामड्याची चप्पल हिरवी झालेली असते, मीठ बरणीतून ओतावे लागते, काडेपेटी पेटत नाही, आणि धुतलेला कपडा वाळला आहे की नाही हे गालाला लावून ठरवावे लागते. जांभ्याची भिंत पाणी पिते. ज्या बाजूने पाऊस मारतो त्या बाजूला जुन्या घरांत झापांचा (माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा) आडोसा करीत, आता पत्रे किंवा प्लास्टिक लावतात. ते मे महिन्यात लावले नाही, तर ती खोली चार महिने विसरायची. वीज जाते. फांदी पडली की जाते, वादळ झाले की जास्त वेळ जाते. घरून काम करणाऱ्याने इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या ठेवाव्यात, एकीवर विसंबू नये.

दुसरे म्हणजे एकटेपणा. गाव रात्री साडेआठ-नऊला मिटते. नाटके होतात, व्याख्याने होतात, कोणत्या ना कोणत्या साहित्य संस्थेचा कार्यक्रम असतो. परंतु पुण्यासारखी दररोज संध्याकाळी निवड करण्याची चैन नसते. माझ्या पत्नीला पहिल्या वर्षी ते फार जड गेले. आम्ही बदली झाल्यावर परतलो आणि मला आजही त्या गावाची आठवण येते, तिला येत नाही. एकाच घरातल्या दोघांचे मत असे वेगळे पडू शकते, हे तुम्ही दोघांनी आधीच बोलून घ्यावे.

सातबारा

घर विकत की भाड्याने, यावर माझे स्पष्ट मत आहे: किमान एक पावसाळा भाड्याने.

जमिनीचे व्यवहार हा येथे स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो. तुमच्या नावावर किंवा वडिलोपार्जित कोठे सातबारा नसेल, तर ‘नंतर बिगरशेती करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या भरवशावर विसार देऊ नका. कोकणात एकाच जमिनीच्या उताऱ्यावर तीस-तीस नावे असतात, त्यांतली निम्मी मुंबईत, काही परदेशात, काही वारलेली आणि वारस नोंद न झालेली. एखाद्याची संमती राहून गेली की तुमचे घर बांधून झाल्यावर तो गणपतीला गावी येतो आणि भांडण सुरू होते. आंबोली, गेळे, चौकुळ या भागांत त्याहून वेगळा प्रश्न आहे, कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे संस्थानकाळापासून गावकऱ्यांनी सामाईक धरलेल्या आणि मालकीच्या वादात सापडलेल्या जमिनींचा. तेथील स्वस्त भूखंडांच्या जाहिराती पाहून भुलू नये.

शिवाय गोव्यात जागेचे भाव चढले तसे तेथले गिऱ्हाईक पत्रादेवीची सीमा ओलांडून इकडे सरकले. मोपाचा विमानतळ झाल्यावर ते अधिकच जाणवते. ‘येवा, कोकण आपलोच आसा’ हे वाक्य एके काळी पाहुणचाराचे होते. आता ते भूखंडांच्या फलकांवर वाचायला मिळते. तुमच्यासारखी सुसंस्कृत मंडळी आली तर आनंदच आहे, परंतु तळ्याभोवतालची जुनी घरे पाडून त्या जागी ‘तलावदर्शनी’ सदनिका उभ्या राहणार असतील, तर ज्या गावासाठी ही मंडळी येतात ते गाव त्यांना गॅलरीतून दिसेल तरी का, याचा विचार येणाऱ्यांनीही करावा.

पाऊलवाट

इतक्या सविस्तर प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. ‘सातबारा’ यांचा शेवटचा परिच्छेद लागला, आणि तो लागावा असाच आहे. आम्ही भाड्याच्या घराचाच विचार करू. सदनिका नको, हे आमचेही मत आहे.

एक उपप्रश्न. पत्नीला गंजिफा, म्हणजे खेळायची हाती रंगवलेली गोल पाने, करायला शिकण्याची फार इच्छा आहे. राजवाड्यात कलाकार बसून पाने रंगवताना आम्ही पाहिले. बाहेरच्या माणसाला ते शिकता येते का? आणि ही पाने आता कोणी खेळते का, की ती केवळ चौकटीत लावण्यासाठी उरली आहेत?

मत्स्य ते कल्की

हा माझ्या आवडीचा विषय असल्याने उत्तर लांबणार आहे, क्षमस्व.

आधी खेळाविषयी. दशावतारी गंजिफात दहा रंग असतात, प्रत्येक अवताराचा एक, आणि प्रत्येक रंगात बारा पाने: राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. एकूण 120. मुघल पद्धतीच्या गंजिफात आठ रंग आणि 96 पाने. पाने गोल असतात, त्यामुळे ती हातात पंख्यासारखी धरताना पहिल्यांदा खेळणाऱ्याची तारांबळ उडते. दहांपैकी पाच रंगांत दश्शी वरचढ आणि उरलेल्या पाचांत एक्का वरचढ, म्हणजे कोणत्या रंगात मोठे पान कोणते हे सतत ध्यानात ठेवावे लागते. डावाची सुरुवात दिवसा रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या राजाने करायची. एकदा चार जण जमवून खेळून पाहा. पत्त्यांचा डाव बसल्या बसल्या गप्पा मारीत खेळता येतो. गंजिफात गप्पा मारल्या की हात गेला म्हणून समजा, कारण पडलेली पाने मोजत राहणे हाच खेळाचा गाभा आहे.

खेळणारे आता फार थोडे आहेत हे मान्य करावे लागेल. पाने मात्र बनतात, आणि ती बनत राहिली याचे मोठे श्रेय राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांना आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जाणणारे हात जवळजवळ संपत आले असताना त्यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलाकाराकडून ती समजून घेतली, स्वतः शिकले, आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम सुरू केले. सत्त्वशीलादेवी 2018 साली गेल्या. काम चालू आहे. राजवाड्याच्या एका भागात आता गंजिफाच्या कल्पनेवर सजवलेले छोटे हॉटेलही आहे आणि सावंतवाडीच्या गंजिफाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

करण्याची पद्धत सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून जाड पुठ्ठ्यासारखा पाया करायचा, त्यावर खडूचा लेप देऊन तो दगडाने घोटायचा, गोल कापायचे, मग जमिनीचा (म्हणजे पार्श्वभूमीचा) रंग, त्यावर चित्र, शेवटी लाखेचा हात. चित्र काढणे हा यातला सर्वांत कमी वेळ खाणारा भाग आहे, असे म्हटले तर नव्या शिकणाऱ्याला खोटे वाटते. घोटणे कंटाळवाणे असते आणि तेथेच पान बनते किंवा बिघडते: लेप नीट घोटला नसेल, तर बारीक रेघ ओढताना कुंचल्याचे टोक अडते, आणि मत्स्याचा खवला फाटल्यासारखा दिसतो. दुसरी अडचण सारखेपणाची. 120 पानांच्या पाठी हुबेहूब एकसारख्या हव्यात, नाहीतर पाठीवरून पान ओळखता येईल आणि खेळ संपला. कलाशाळेत शिकलेल्या माणसाला स्वतःची शैली हवी असते. येथे शैली गिळावी लागते. तुमच्या पत्नी चित्रकला शिकवीत होत्या, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

बाहेरच्यांसाठी अधूनमधून कार्यशाळा होतात. परंतु कार्यशाळेत तुम्ही एक पान रंगवता आणि घरी नेता. खरे शिकायचे असेल, तर नियमितपणे जाऊन बसावे लागेल, पहिले काही महिने घोटण्याचेच काम करायची तयारी ठेवावी लागेल, आणि तसे स्पष्ट विचारावे लागेल. येथील कलाकार उत्तर देताना संकोच करतात, परंतु विचारणाऱ्याची चिकाटी पाहून मन मोकळे करतात, असा माझा अनुभव आहे.

लाखेची कांडी

वरील प्रतिसादाला अनुमोदन, फक्त एक पुरवणी. भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंद आहेच, परंतु त्याने गिऱ्हाईक आपोआप येत नाही. गंजिफाचा हाती रंगवलेला पूर्ण संच हजारांच्या घरात जातो आणि तो जाणारच, इतके दिवस त्यात गेलेले असतात. म्हणून आता गंजिफातल्या आकृत्या ट्रे, डब्या, किल्ल्यांच्या पट्ट्या, भिंतीवरच्या तबकड्या यांवर येऊ लागल्या आहेत. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचत नाही. मला रुचते. ज्या घरात संच विकून महिना निघत नाही, त्या घरात चार ट्रे विकून निघत असेल, तर कृष्णाची गाय ट्रेवर का चरू नये?

मत्स्य ते कल्की

लाखेची कांडी, माझा विरोध ट्रेला नाही. ट्रेवर छापील चित्र चिकटवून वर ‘हस्तकला’ लिहिणाऱ्यांना आहे. असा माल बाहेरून येतो आणि खऱ्या मालाच्या शेजारी अर्ध्या किमतीत विकला जातो. गिऱ्हाइकाने वस्तू उजेडात तिरपी धरून पाहावी; हाताने रंगवलेली असेल, तर रेघ ठिकठिकाणी किंचित जाड-बारीक झालेली आणि पृष्ठभागापेक्षा केसभर वर आलेली दिसते.

लाखेची कांडी

हे मान्य. येथे आपले एकमत.

सालईवाडा

चर्चा राजवाडा आणि चितारआळी यांच्यापुरती राहिली म्हणून लिहितो. तळ्याकाठच्या या कलेहून मोठी कला गावाबाहेर पंचक्रोशीत चालते आणि तिला तिकीट नसते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रोज रात्री कोठल्या ना कोठल्या देवळासमोर दशावतार, म्हणजे रात्रभर चालणारे लोकनाट्य, असते. वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, पार्सेकर अशा परंपरागत मंडळांची नावे आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतात, आणि कोणत्या मंडळाचा राजपार्टी (राजाची भूमिका करणारा नट) चांगला, स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका) कोण गाजवतो, यावर चहाच्या टपरीवर वाद रंगतात. लिखित संहिता नसते. कथानक ठरते, आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. दोन मुरलेले नट समोरासमोर आले की पुराणातल्या भांडणात चालू राजकारणही बेमालूम शिरते. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणांची जत्रा तर तालुक्याबाहेरही प्रसिद्ध आहे. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रे दाखवीत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या आहेत; तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

याउलट गावातल्या शिल्पग्रामाची कथा आहे. कलाकारांसाठी मुद्दाम जागा बांधली, गाजावाजा झाला, आणि पुढे त्याने म्हणावा तसा जीव कधी धरला नाही. देवळासमोरच्या मांडवात मात्र पहाटे चारलाही माणसे खाज्याची पुडी हातात घेऊन जागी असतात. बाहेरून येणाऱ्या कलाप्रेमींनी पहिल्या हिवाळ्यात जत्रांची यादी मिळवावी आणि स्वेटर घालून जावे.

घाटावरचा

दशावताराचे शंभर टक्के खरे. आमच्या घरात सावंतवाडीविषयी ज्या एका बाबतीत एकमत आहे ते हेच.

गोमंतकी

पाऊलवाट, तुम्ही केव्हा जायचे ठरवता आहात, हे लिहिले नाही. दिवाळीनंतर गेलात तर घर चटकन आवडेल, आणि जूनमध्ये त्याची गळती कळेल. कौले शाकारलेली नसतील, तर घरमालकही ऑक्टोबरात ते सांगणार नाही.

पाऊलवाट

आम्ही दोघे बसून बोललो. ठरले असे की मेच्या अखेरीस जायचे, दिवाळीपर्यंतचा भाडेकरार करायचा, पुण्यातले घर तूर्त तसेच ठेवायचे. पत्नीने घोटण्याच्या कामाला होकार दिला आहे. शैली गिळण्याविषयी तिचे उत्तर राखून आहे. मी वाचनालयाचे सभासदत्व पहिल्या आठवड्यातच घेणार. घराचा शोध कोठून सुरू करावा, आणि माझ्याकडे पुस्तके बरीच आहेत, ती पावसाळ्यात कशी सांभाळावीत, एवढे सांगा.

सालईवाडा

घरासाठी संकेतस्थळांवर फार काही मिळणार नाही. मंगळवारी या, त्या दिवशी आठवडा बाजार असतो आणि आसपासच्या गावांतली माणसे येतात. किराणा दुकानदार, औषध दुकानदार आणि रिक्षा स्टँड, या तिन्ही ठिकाणी सांगून ठेवा. संध्याकाळपर्यंत निरोप येतात. सबनीसवाडा, खासकीलवाडा, भटवाडी येथे जुन्या घरांचे खालचे मजले मिळू शकतात. घर पाहताना भिंतींना कमरेच्या उंचीपर्यंत हात लावून पाहा आणि नव्याने रंगवलेला कोपरा दिसला, तर तो का रंगवला ते विचारा. विहीर आहे का तेही पाहा. नळाला पाळणेकोंड धरणाचे पाणी येते, तरी विहीर असलेली बरी.

पुस्तके सगळी आणू नका. जी कामाला लागतात ती आणा आणि भिंतीला टेकणाऱ्या कपाटात ठेवू नका; कपाट आणि भिंत यांच्यात चार बोटे जागा सोडा. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात बारीक दिवा लावून ठेवणारी घरे येथे आहेत, वीज असेल तेव्हा त्याचा उपयोग होतो. एक सूचना उलट्या दिशेचीही आहे: पावसाळ्यात चितारआळीतून घेतलेली लाकडी वस्तू लगेच पुण्याला पाठवू नका. दमट हवेत मुरलेले लाकूड पुण्याच्या कोरड्या हवेत आकसते आणि तडा गेला की दोष कारागिराच्या माथी येतो. भेटी द्यायच्या असतील, तर जानेवारीपर्यंत थांबा.